विश्वामित्रीच्या काठचे शेजारी

राजवटींचा इतिहास म्हणजे सनदा, तह आणि वारसाहक्क यांचा इतिहास, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. मनुष्येतर प्राण्यांना त्यात जागा मिळालीच, तर ती फौजेतील हत्तीघोड्यांच्या आकड्यापुरती. बडोद्याच्या इतिहासाला मात्र ही समजूत लावून चालत नाही. कारण येथे राजवंशाच्या नावातच एक प्राणी उभा आहे. घराण्याची परंपरा असे सांगते की, पूर्वज नंदाजी यांच्या वास्तव्याच्या किल्ल्यावरून एक कसाई गाईंचा कळप हाकून नेत होता. नंदाजींनी त्या गाई सोडवून किल्ल्याच्या कवाडातून आत घेतल्या आणि तेव्हापासून घराण्याला ‘गायकवाड’ हे नाव पडले. इतिहास म्हणून या कथेचे वजन किती, हा प्रश्न वेगळा. आपल्या उगमाची कथा सांगताना एका पराक्रमी घराण्याला तलवारीपेक्षा गाईसाठी उघडलेले दार अधिक भूषणावह वाटले, ही गोष्ट मात्र निःसंशय इतिहासाची आहे.

दुसरे उदाहरण याच शहरातील एका चौकाचे आहे. सयाजीबागेच्या प्रवेशद्वाराशी महाराज सयाजीराव तिसरे यांचा अश्वारूढ पुतळा आहे. डरवेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने तो घडविला आणि १९०७ साली, महाराजांच्या कारकीर्दीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त, तो तेथे उभारला गेला. बडोदेकर या जागेला महाराजांचे नाव देत नाहीत. ते तिला ‘काळा घोडा’ म्हणतात. प्रजेच्या तोंडी स्वार मागे पडला आणि घोडा पुढे गेला. यात अनादर मुळीच नाही. ज्या प्राण्याशी आपला नित्याचा संबंध येतो, त्याचे नाव जिभेवर आधी येते, एवढाच याचा अर्थ. माणूस आणि प्राणी यांच्या या नित्याच्या संबंधाचा बडोद्यापुरता इतिहास संक्षेपाने मांडावा, हा आमचा येथे हेतू आहे.

या इतिहासाचा पहिला भाग दरबाराचा होय. गायकवाडांनी १७३४ साली बडोदे कायमचे हस्तगत केले. त्यानंतरच्या शतकात येथे पागा, हत्तीखाने आणि शिकारखाने वाढत गेले. खंडेराव महाराजांच्या कारकीर्दीत (१८५६ ते १८७०) या वैभवाचा कळस झाला. त्या दशकात बडोद्यास आलेल्या लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने येथील साठमारीचे वर्णन तपशिलाने करून ठेवले आहे. पाणीगेटाच्या बाजूस ‘अगड’ नावाचे आवार होते. त्याच्या जाड भिंतींत अरुंद दारे ठेवलेली असत; माणूस त्यांतून निसटू शके, हत्ती शकत नसे. मस्तीवर आलेला हत्ती आत सोडायचा, साठमारांनी त्याला चिडवायचे आणि तो अंगावर आला की दारातून पसार व्हायचे, असा हा खेळ. हत्तीशी हत्ती, गेंड्याशी गेंडा, रेड्याशी रेडा अशाही झुंजी लावल्या जात. इंग्लंडचे युवराज १८७५ च्या नोव्हेंबरात बडोद्यास आले, तेव्हा त्यांच्या करमणुकीसाठी अगडातच असा बेत योजण्यात आला होता. त्यांना चित्त्याकरवी होणारी काळविटाची शिकारही दाखविण्यात आली. मिरवणुकीत सोन्याचांदीच्या तोफा पांढऱ्याशुभ्र बैलांकडून ओढल्या जात, तो थाट निराळाच.

या वैभवाचे वर्णन वाचताना मन दिपते हे खरे. तथापि त्यात एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. दरबारातील प्राणी हा शेजारी नव्हता, तो सत्तेचा अलंकार होता. त्याला नाव असे, माहूत असे, खर्चाच्या वहीत त्याच्या रतिबाची नोंद असे. पण त्याचे असणे सर्वस्वी धन्याच्या मर्जीवर अवलंबून असे. मर्जी किंवा खजिना आटला की प्राणीही संपे. ज्या चित्त्यांच्या जिवावर शिकारखाने गाजले, त्या चित्त्याचा भारतातून उच्छेद झाल्याचे १९५२ साली जाहीर करावे लागले. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते आणून ते मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले, तेव्हा आपल्याच देशातील एका जुन्या रहिवाशाला परक्या देशातून आणण्याची पाळी आपल्यावर आली होती. अगडाची आज भिंतीपुरती आठवण उरली आहे. तोफा ओढणारे बैल गेले आणि त्यांना हाकणारेही गेले.

दुसरा भाग बागेचा होय. मल्हाररावांच्या पदच्युतीनंतर १८७५ साली बालवयीन सयाजीराव गादीवर आले आणि राजा सर टी. माधवराव यांच्याकडे दिवाणगिरी आली. त्यांच्याच काळात, १८७९ साली, विश्वामित्रीच्या काठी सयाजीबाग व तिच्यातील प्राणिसंग्रहालय सुरू झाले. लोक या बागेला आजही ‘कमाटीबाग’ म्हणतात. अगड आणि ही बाग यांच्यामध्ये काळाचे अंतर थोडे, पण दृष्टीचे अंतर फार मोठे आहे. अगडात प्राणी झुंजविण्यासाठी आणला जाई, बागेत तो पाहण्यासाठी ठेवला गेला. एकाचे प्रेक्षक मानकरी आणि पाहुणे, तर दुसऱ्याचे प्रेक्षक शाळेतील मुले. ज्या राजाने १९०६ साली आपल्या सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच्या राजधानीत प्राणीदेखील शिक्षणाचे साधन व्हावेत हे स्वाभाविकच होते. बागेतील वस्तुसंग्रहालय १८९४ साली पूर्ण झाले. महीच्या मुखाशी १९४४ साली वाहून आलेल्या देवमाशाचा बहात्तर फुटी सांगाडा तेथे ठेवलेला आहे. बडोद्याच्या कित्येक पिढ्यांतील मुलांनी ‘प्रचंड’ या शब्दाचा अर्थ त्या सांगाड्याखाली उभे राहून जाणून घेतला असेल.

अर्थात जुने सर्वस्वी गेले आणि नवे सर्वस्वी आले, असे इतिहासात कधी होत नाही. राजवाड्यात चांदीच्या इवल्याशा सायकलीवर बसणारे आणि लहानशी तोफ डागणारे शिकवलेले पोपट होते, व पाहुण्यांसमोर त्यांचे खेळ होत. शहरातील मराठी वाड्यांतही पडवीच्या आढ्याला टांगलेल्या पिंजऱ्यात एखादा विठू असे. तो मुलांबरोबर पाढे शिके, आल्यागेल्याला ‘या, बसा’ म्हणे आणि घरातल्या सासूचा आवाज हुबेहूब काढून सुनेला दचकवी. राजवाड्यातील पोपट आणि वाड्यातील पोपट यांत सायकलीचा काय तो फरक; दोघेही प्रेमाचे बंदिवान होते. आज भारतीय पोपट पिंजऱ्यात पाळण्यास कायद्याने मनाई आहे. विठू आता दिसतो तो सयाजीबागेतील उंच झाडांच्या ढोलीत, आपल्याच भाषेत बोलताना.

तिसरा भाग अंगणाचा होय, आणि दप्तरांत ज्याची नोंद सर्वांत कमी सापडते तो हाच. मराठी कुटुंबे दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा अशा वस्त्यांतून स्थिरावली, तेव्हा त्यांनी सोबत आपले कुळधर्म आणले आणि त्यांबरोबर प्राण्यांशी वागण्याची रीतही आणली. पंचमहायज्ञांत भूतयज्ञ सांगितलेला आहे. त्या नियमाचे ओझे न वाटता घरोघरी गोग्रास काढला जाई, पितृपक्षात काकबळी ठेवला जाई, तुळशीपाशी मुंगीसाठी चिमूटभर साखर पडे. शेजारच्या गुजराती पोळांत पक्ष्यांच्या दाण्यापाण्यासाठी कोरीव चबुतरे होते आणि म्हाताऱ्या, लंगड्या जनावरांसाठी महाजनांच्या पांजरापोळी होत्या. भाषा दोन, पण या बाबतीत धर्म एकच. छपरावरून उड्या मारीत जाणाऱ्या वानरांच्या टोळीने वाळवणातले पापड पळविले, की मराठी आजीच्या आणि गुजराती बाच्या तोंडून निघणाऱ्या शिव्याशापांतही फारसे अंतर नसे. खारूताई, साळुंकी, मुंगूस, पाल, मांजर हे सारे या घरांचे न सांगता आलेले भाडेकरू. त्यांच्याविषयी कोणी बखर लिहिली नाही. परंतु माणसाने आपल्या अन्नातला पहिला घास दुसऱ्या जिवासाठी काढून ठेवावा, ही शिकवण ज्या रीतीने पिढ्यान् पिढ्या पोहोचविली, तिला इतिहासात स्थान नाही असे कसे म्हणावे?

येथवर आलो म्हणजे बडोद्याच्या सर्वांत विलक्षण शेजाऱ्याकडे वळणे क्रमप्राप्त होते. हा शेजारी म्हणजे विश्वामित्रीतील मगर.

पावागडच्या डोंगरात उगम पावून विश्वामित्री बडोदे शहराच्या मधून नागमोडी वाहते आणि पुढे ढाढर नदीला मिळून खंबातच्या आखाताकडे जाते. तिच्या वरच्या अंगाला, सूर्या नदीवर, सयाजीरावांच्या कारकीर्दीत आजव्याचा तलाव बांधण्यात आला व १८९२ साली शहराला त्याचे पाणी मिळू लागले. या नदीत आणि तलावात मगरी राहतात. त्या कोणी पाळलेल्या नाहीत, प्रदर्शनासाठी आणलेल्या नाहीत. भारताच्या गोड्या पाण्यातील ही मूळची मगर होय. लाखो लोकांच्या वस्तीतून वाहणाऱ्या नदीत तिने इतक्या संख्येने नांदावे, ही सामान्य गोष्ट नव्हे. २०२५ च्या फेब्रुवारीत झालेल्या मोजणीत विश्वामित्रीच्या शहरी पट्ट्यात ४४२ मगरी आढळल्या. काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून हिवाळ्याच्या सकाळी खाली पाहिले, तर काठच्या चिखलावर ऊन खात पडलेली मगर आणि पुलावरून जाणाऱ्या मोटारी ही दोन्ही दृश्ये एकाच नजरेत मावतात.

दरबाराचे चित्ते गेले आणि मगर मात्र राहिली, हे कसे घडले? आमच्या मते याची कारणे चार आहेत. पहिले कारण मगरीच्या जीवनक्रमात आहे. ती नदीच्या उभ्या दरडीत खोल बिळे खणून राहते, उन्हाळ्याच्या तोंडाशी काठच्या मातीत खड्डा करून अंडी घालते, आणि सुमारे दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या आगेमागे, पिले बाहेर येतात. मासे तर ती खातेच. परंतु मेलेले जनावर, भटके कुत्रे, डुक्कर यांवरही तिचा निर्वाह होतो. शहराने नदीला गटार केले, तेव्हा अनेक जलचर हटले, ही टिकली. दुसरे कारण भूमीचे आहे. सयाजीबाग, विद्यापीठाचे आवार, राजवाड्याचे विस्तीर्ण मैदान यांमुळे नदीकाठचे मोठे तुकडे दीर्घकाळ बांधकामावाचून राहिले, आणि दरडी व झुडपे शाबूत राहिली. तिसरे कारण कायद्याचे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मगरीला सर्वोच्च संरक्षण दिले आणि १९७५ पासून भारत सरकारने मगरींच्या संवर्धनाची योजना हाती घेतली. येथे एक नोंद आवर्जून केली पाहिजे. ज्या घराण्याच्या अगडात हत्ती झुंजविले गेले, त्याच घराण्यातील फत्तेसिंहराव गायकवाड (१९३० ते १९८८) यांनी जागतिक वन्यजीव निधीच्या भारतीय शाखेचे अध्यक्षपद भूषविले. शंभर वर्षांत एका कुळाने केलेला हा प्रवास कोणत्याही लढाईइतकाच संस्मरणीय आहे.

चौथे कारण आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे लोकांची मनोभूमी. गुजरातेत खोडियार मातेचे वाहन मगर आहे. बडोद्यापासून फार दूर नसलेल्या चरोतर प्रदेशात, मलातज आणि देवा यांसारख्या गावांत, गावतळ्यात मगरी असतात; त्याच तळ्यावर बाया धुणे धुतात, गुरे पाणी पितात. दक्षिण गुजरातेतील वसावा, गामीत, चौधरी आदी आदिवासी समाज मगरीची लाकडी मूर्ती कोरून ‘मोगरा देव’ म्हणून तिची पूजा करतात. सोनगड हे गायकवाडांचे पहिले ठाणे याच मुलखातले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. आपल्या मराठी परंपरेत गंगेचे वाहन मकर आणि गजेंद्राचा पाय धरणारा नक्र अशी दोन्ही रूपे आहेत. वानराच्या काळजाची हाव धरणारी पंचतंत्रातील मगर आम्ही शाळेत मुलांना शिकवितोच. ‘नक्राश्रू’ हा शब्द मात्र इंग्रजी विद्येबरोबर आला. मगरीला ढोंगी ठरविण्याची कल्पना आपल्या नदीकाठावर उपजलेली नाही. आपल्या लोकांनी तिला भ्यावे, पुजावे, टाळावे, पण तिची निंदा करू नये, अशीच रीत ठेवली.

तथापि या शेजाराचे केवळ गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मगर माणसावर हल्ला करते आणि त्यात माणसे दगावलेली आहेत. पुलावर उभे राहून कौतुक करणारा आणि नदीकाठच्या झोपडीत राहून पहाटे पाण्यावर जाणारा, या दोघांसाठी मगर ही एकच वस्तू नाही. ‘सुसरबाई, तुझी पाठ मऊ’ ही आपली म्हण जिच्या पाठीवर बसून नदी ओलांडायची तिच्या भीतीतून जन्मली आहे. वन्य जिवांच्या रक्षणाचे पुण्य साऱ्या शहराने घ्यावे आणि त्याची किंमत काठावरच्या गरिबाने भरावी, हा न्याय नव्हे. काठावर सुरक्षित पाणवठा, कुंपण, सूचनाफलक आणि नुकसानभरपाई ही दयेची नव्हे, हक्काची गोष्ट आहे.

हा प्रश्न तीव्रतेने समोर येतो तो पुराच्या वेळी. ३१ जुलै २०१९ रोजी बडोद्यात चोवीस तासांत सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला आणि सोसायट्यांच्या रस्त्यांवर मगरी पोहताना लोकांनी पाहिल्या. पुढे २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचे पाणी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून आणखी दहा फुटांच्या वर चढले. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने आणि प्राणिमित्र स्वयंसेवकांनी वस्तीतून २४ मगरी पकडून सुखरूप हलविल्या. त्यांखेरीज साप, मोठी कासवे, साळिंदर असे पाऊणशे अन्य जीवही सोडविले. पाणी ओसरल्यावर शाळा पुन्हा भरली, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. एका इयत्तेत आम्ही निबंधाला विषय दिला : ‘पुरात आलेला पाहुणा’. बहुतेकांनी मगरीच्या जबड्याचे वर्णन केले. मात्र एका मुलीने लिहिले की, मगर आमच्या घरी आली नव्हती, तिचेच घर मोठे झाले होते. व्याकरणाचे गुण तिला थोडे कमी पडले, पण इतिहासाची दृष्टी त्या एका वाक्यात पुरेपूर होती.

कारण पूर म्हणजे नदीने आपल्या जुन्या सीमेची करून दिलेली आठवण होय. विश्वामित्रीच्या वळणावळणाच्या कोतरांत, सखल भागांत आणि तळ्यांत पूर्वी पावसाचे पाणी पसरे आणि मुरे. त्या जागा भरून त्यांवर इमारती उठल्या, काठावर राडारोडा पडला, पात्र आवळले गेले. मग आजव्याचे पाणी वाढले की शहराचा जीव टांगणीला लागतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०२१ साली या नदीच्या रक्षणाविषयी आदेश दिले. २०२४ च्या पुरानंतर, २०२५ च्या उन्हाळ्यात, पात्र खोल व रुंद करण्याचे मोठे काम हाती घेण्यात आले. वर उल्लेखिलेली मगरींची मोजणी त्याच्या आधीचीच. हे काम शहराच्या रक्षणासाठी आहे, यात शंका नाही. परंतु यंत्राच्या दातांखाली येणारी दरड ही निव्वळ माती नसते. तीत बिळे असतात, आणि उन्हाळ्यात अंडी असतात. काठाला सिमेंटची भिंत घातली म्हणजे मगर नाहीशी होत नाही, ती बेघर होते. आणि बेघर मगर पूर नसतानाही आपल्या दारी येते. म्हणून नदीचे पाणी वाहते करणे आणि तिचा काठ जिवंत ठेवणे, ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध नसून एकच आहेत.

पुरानंतर शहरात एक सूर उमटतो की, साऱ्या मगरी पकडून दूर कोठे तरी सोडून द्याव्यात. भीतीच्या भरात तो सूर समजण्याजोगा आहे. पण या मगरी नेऊन कोणत्या नदीत सोडणार? तेथेही कोणाचा तरी पाणवठा असेल. शिवाय चाळीस-पन्नास वर्षे जगणारा प्राणी आपली ओळखीची जागा सोडून स्वस्थ बसत नाही, तो परतीची वाट शोधतो. आणि समजा, सर्व मगरी गेल्या. तरी नदीची कोंडी तशीच राहील आणि पुढचा पूर ठरल्या वेळी येईलच. शेजाऱ्याला हाकलल्याने घराचे गळके छप्पर दुरुस्त होत नाही.

आतापर्यंतच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, बडोद्याने प्राण्यांशी तीन प्रकारचे नाते जोडून पाहिले : अगडात स्वामित्वाचे, बागेत जिज्ञासेचे आणि अंगणात सहवासाचे. पहिले कालबाह्य झाले आणि झाले ते बरेच झाले. दुसऱ्याने आपल्याला डोळे दिले. तिसरे मात्र कोणत्याही राजाज्ञेवाचून, चिमूटभर साखरेच्या आणि घासभर अन्नाच्या बळावर टिकून राहिले. विश्वामित्रीची मगर आज जी मागणी करते आहे, ती या तिसऱ्या नात्याची आहे. तिला पिंजरा नको, नैवेद्य नको. तिला दरड हवी, वाहते पाणी हवे आणि माणसाने राखलेले अंतर हवे. अंगणातल्या कावळ्यासाठी घास काढताना आपण तो पाळीव करू पाहत नाही, तसेच हेही आहे.

आम्हा शिक्षकांवर यात एक जबाबदारी येते. बडोद्याच्या मुलाला साठमारीची आणि सोन्याच्या तोफांची गोष्ट अवश्य सांगावी. पण त्याचबरोबर मगर कोठे अंडी घालते, कोणत्या महिन्यांत काठावर जाऊ नये, ती दिसल्यास दगड न मारता कोणाला कळवावे आणि नदीत कचरा टाकणे म्हणजे काय करणे, हेही त्याला याच नगरीच्या इतिहासाचा भाग म्हणून शिकवावे. ज्या घराण्याने हे शहर उभारले, त्याच्या नावाची कथा गाईसाठी उघडलेल्या कवाडाची आहे. त्या कवाडाचा आजच्या काळातला अर्थ दार सताड उघडे टाकणे एवढाच नव्हे; कोणत्या जिवाला आत घ्यावे, कोणाला बाहेरच त्याची जागा राखून द्यावी, हे जाणणे असाही आहे. हा विवेक ज्या पिढीच्या अंगी येईल, तिच्या हाती विश्वामित्री आणि तिचे शेजारी सुरक्षित राहतील.